बर्बनच्या पिपातली १४ टक्क्यांची स्टाउट, एकच बाटली उरलीये, कशी प्यायची?

गंगापूर_रोडकर:
मंडळी मदत हवीय. आतेभाऊ अमेरिकेहून येताना दोन बाटल्या घेऊन आला, इम्पीरियल स्टाउट, म्हणजे काळी, कडक बिअर, बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) पिपात वर्षभर मुरवलेली, ५०० मिली, १४ टक्के अल्कोहोल. पहिली आम्ही चौघांनी पार वाया घालवली, अजून हळहळ वाटते. रात्रभर फ्रीजमध्ये, ग्लास पण गार केलेले, सोबत कांदा-लिंबू मारलेला झणझणीत चिवडा, आणि नेहमीच्या स्ट्राँगसारखी घटाघटा प्यायलो. लागलं काय, तर कडू, मग गोड, मग घशात जळजळ, खोकल्याच्या औषधासारखं. भाऊ म्हणतो बिअर एक नंबर आहे, पद्धत चुकली. आता दुसरी नीट प्यायचीय. किती गार, कुठला ग्लास, सोबत काय? की अजून दोन-तीन वर्षं मुरू देऊ, माळ्यावर जागा आहे.

द्राक्षवाला_ओझर:
माळ्यावर अजिबात नको भाऊ!! एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली ती बाटली शिजेल अक्षरशः. जुनी स्टाउट चांगली होते हे खरं, पण बारा महिने गार आणि अंधाऱ्या जागेत उभी ठेवली तर. नाहीतर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायला लागते. तळघर नसेल तर याच थंडीत उघडा.

मी एका वायनरीत सेलरला काम केलंय म्हणून पिपाबद्दल थोडं सांगतो. आपल्याकडे वाइनला वापरतात ती बहुतेक फ्रेंच ओकची २२५ लिटरची पिपं, आतून हलकी शेकलेली, आणि तीच तीन-चार वर्षं परत परत वापरतात. बर्बनचं वेगळं. अमेरिकेत कायदाच आहे की बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिपातच ठेवायची, म्हणजे एकदा वापरलेलं पीप त्यांना बर्बनसाठी परत चालत नाही. मग ती साधारण २०० लिटरची पिपं बिअरवाले घेतात, लाकडात व्हिस्की मुरलेली असतेच, ती बिअरमध्ये उतरते. शिकागोच्या गूज आयलंड या ब्रुअरीने नव्वदच्या दशकात जिम बीम बर्बनच्या रिकाम्या पिपांत स्टाउट भरून हे सुरू केलं. व्हॅनिलाचा वास येतो तो कोणी एसेन्स टाकलेला नसतो हो, ओकमधलाच असतो, आणि खोबऱ्यासारखा वास आला तर तोही लाकडाचाच.

निफाडची_थंडी:
दादा तुमचा गोंधळ आकड्यात आहे. आपल्याकडे नियमाने स्ट्राँग बिअर म्हणजे ५ ते ८ टक्के, आणि तुमच्या हातात १४ ची आहे. हिशोब करा, ५०० मिलीला १४ टक्के म्हणजे ७० मिली शुद्ध अल्कोहोल, व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पावणेतीन पेगांएवढं एका बाटलीत. ही बिअर म्हणून प्यायचीच नाही, पोर्ट वाइन असते ना तशी प्यायची. चौघांत वाटा, प्रत्येकी सव्वाशे मिली, आणि एक तास लावा. गाडी कोणी चालवू नका प्लीज.

आणि फ्रीजमधून काढल्यावर पाऊण तास बाहेर राहू द्या, १२ ते १४ डिग्रीला येऊ द्या. ४ डिग्रीला जीभ बधिर होते, वास वरच येत नाही, राहतं फक्त कडू आणि अल्कोहोल, तुम्हाला तेच लागलं. फेस कमी आला तर घाबरू नका, एवढ्या अल्कोहोलला तो टिकत नाही. आंबट व्हिनेगरसारखी लागली तर मात्र खराब झालीय समजा.

कॉलेजरोड_ताई:
ग्लास गोल पोटाचा, तोंडाशी निमुळता, ब्रँडीचा असतो तो. नसेल तर वाइनचा चालेल. आणि चिवडा नको ओ, तिखटाने अल्कोहोलची जळजळ दुप्पट होते, मिसळीनंतर तर मुळीच नाही. डार्क चॉकलेट, सुकं अंजीर, जुनं खारट चीज, एवढंच घ्या, तेही बिअरचे दोन घोट झाल्यावर.

गंगापूर_रोडकर:
काल उघडली, आधी सगळ्यांना मनापासून थँक्यू. चौघंच होतो, गच्चीवर, चांगली थंडी होती, वाइनचे ग्लास घेतले. पहिल्या दहा मिनिटांत फक्त कॉफी आणि करपलेल्या साखरेचा वास, मला वाटलं झालं परत तेच. मग ग्लास तळहातात धरून बसलो आणि हळूहळू काकवी आली, गुऱ्हाळावर येते ना तशी गरम, मग मनुका, मग अर्ध्या तासाने भाजलेलं सुकं खोबरं, अगदी आई वाटणासाठी भाजते तसं. द्राक्षवाला भाऊ, तुम्ही लिहिलं नसतं तर मला ते ओळखता आलं नसतं. जळजळ होती पण छातीत ऊब यावी एवढीच, ताईंचं अंजीर तर इतकं जुळलं की चॉकलेट तसंच राहिलं. शेवटचा घोट सगळ्यात भारी होता, तोपर्यंत ती जवळजवळ गारच राहिली नव्हती.

चौघांपैकी एकाला नाही आवडली, गोड फार आहे म्हणाला, आणि ते खरंय, दुसरा ग्लास मलाही नको वाटला असता. भाऊ पुढच्या डिसेंबरात परत येतोय, त्याला सांगितलंय एकच आण पण व्हिस्कीच्या पिपात न ठेवलेली तीच स्टाउट मिळत असेल तर ती पण आण, दोन्ही शेजारी ठेवून प्यायच्यात. द्राक्षवाला भाऊ तेव्हा ओझरहून येणार का?

द्राक्षवाला_ओझर:
येतो की. अंजीर मी आणतो.