एकाच एआय मॉडेलवर धंदा बांधावा का?

मूळ धागा:
टेक्स्ट-डाविंची-००३ हे आपलं भाषा-मॉडेल बंद करणार असं ओपनएआयने ६ जुलै २०२३ ला जाहीर केलं आणि ४ जानेवारी २०२४ ला ते बंद झालं. सहा महिन्यांची मुदत होती, मान्य. पण ज्यांनी मॉडेलचं नाव कोडमध्ये जागोजागी लिहून ठेवलं होतं, त्यांना ती पुरली असेल असं वाटत नाही. माझं ठाम मत आहे की कुठल्याही एका मॉडेलशी लग्न लावू नये. आपला प्रोग्राम आणि मॉडेल यांच्या मध्ये स्वतःच्या कोडचा पातळ थर ठेवा, सगळ्या विनंत्या त्यातून जाऊ द्या. उद्या मॉडेल बदललं तर एका ओळीत काम झालं पाहिजे.

प्रतिसाद १:
साफ असहमत. आमच्याकडे ग्राहकांच्या तक्रारींची वर्गवारी मॉडेल करतं. मॉडेल बदललं, प्रॉम्प्ट (मॉडेलला दिलेली लेखी सूचना) तोच. नवं मॉडेल उत्तराआधी "नक्कीच, ही घ्या वर्गवारी" असं लिहायला लागलं आणि जेसन (ठरावीक साच्यातला मजकूर) वाचणारा प्रोग्राम तिथेच आडवा. एम्बेडिंगचं, म्हणजे मजकुराचा अर्थ आकड्यांत मांडण्याचं, तर विचारूच नका. एका मॉडेलने काढलेले आकडे दुसऱ्याला चालत नाहीत, सगळी कागदपत्रं पुन्हा पहिल्यापासून. लहान टीमने एकच मॉडेल धरावं आणि त्याच्या खोडी शिकाव्यात.

धागाकर्ता:
ते जास्तीचं वाक्य कधी लक्षात आलं?

प्रतिसाद १:
दोन दिवसांनी. तक्रारी तुंबल्यावर.

धागाकर्ता:
मग खरं दुखणं तेच. आम्ही १५० जुन्या तक्रारी बरोबर उत्तरांसकट बाजूला ठेवल्यात. नवं मॉडेल आधी त्यांवर चालवतो, असलं वाक्य पाच मिनिटांत सापडतं. थरापेक्षा हा संच मोलाचा, हे मी वरच लिहायला हवं होतं.

प्रतिसाद २:
मेटाच्या लामा २ सारखी मॉडेलं आपल्या सर्व्हरवर उतरवून घेता येतात, ती कुणी बंद करू शकत नाही. मात्र जीपीयू (मॉडेल चालवायला लागणाऱ्या चिप) आणि रात्री-अपरात्री सर्व्हर सांभाळणारा माणूस आपलाच.

प्रतिसाद १:
संच पटला, उद्याच बसतो. थर नाही पटला. सगळ्या मॉडेलांत जे समान, तेवढंच त्यातून वापरता येतं. ज्या खास सोयीसाठी मॉडेल घेतलं तीच हातची जाते.

धागाकर्ता:
खास सोय जरूर वापरा, फक्त ती एकाच फाइलमध्ये राहू द्या. आणि तो संच महिन्यातून एकदा दुसऱ्या मॉडेलवरही चालवा, बंदची नोटीस येण्याआधी.