‘कर्बोदक’ या शब्दात उदक कशासाठी?

प्रश्न :
दादरला मी अकरावीच्या काही मुलांना जीवशास्त्र शिकवते. परवा पेशीतल्या रेणूंचा धडा चालू असताना एका मुलीने विचारले की, ‘कर्बोदक’ या शब्दाची फोड कर्ब (म्हणजे कार्बन) आणि उदक अशी होत असेल, तर कोरड्या साखरेतही पाणी असते असे समजायचे का? ‘तो नुसता पारिभाषिक शब्द आहे’ असे सांगून मी वेळ मारून नेली, पण त्या उत्तराने माझेच समाधान झालेले नाही. हा शब्द कसा आला आणि अर्थाच्या दृष्टीने तो कितपत योग्य आहे, यावर जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद १ :
फोड आपण म्हणता तीच आहे. १८४४ साली कार्ल श्मिट या रसायनशास्त्रज्ञाने जर्मन भाषेत या पदार्थांना जे नाव दिले, त्याचा पूर्वार्ध कोळशाचा आणि उत्तरार्ध पाण्याचा आहे. मराठीने तोच अर्थ कर्ब आणि उदक या दोन शब्दांनी उचलला. त्या काळी रेणूंची रचना ठाऊक नव्हती, हाती होते ते मूलद्रव्यांचे प्रमाण. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण पाण्यातल्यासारखेच २ : १ भरते. या हिशेबाने १८० ग्रॅम ग्लुकोजमध्ये ७२ ग्रॅम कर्ब आणि १०८ ग्रॅम पाणी निघते! साखरेचा पाक विसरून गॅसवर राहिला की वाफ निघून जाते आणि पातेल्याच्या बुडाशी काळा कोळसा उरतो, हे पाहणाऱ्याला ते नाव चुकीचे वाटण्याचे कारणच नव्हते.

परंतु पाणी म्हणून वेगळे ओळखता येईल असे काही त्या रेणूत नसते. याउलट मोरचूद घ्यावा. त्याच्या निळ्या स्फटिकात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक घटकामागे पाण्याचे ५ रेणू खरोखरच पाणी म्हणून बसलेले असतात. तापवले की ते निघून जातात, पांढरी पूड उरते आणि तिच्यावर पाण्याचे थेंब टाकले की निळा रंग परत येतो. करपलेल्या साखरेवर कितीही पाणी ओतले तरी साखर परत मिळत नाही, कारण तिथे हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे कार्बनच्या साखळीला सहसंयुज बंधांनी (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतल्याने होणाऱ्या बंधांनी) जोडलेले होते आणि पाणी तयार झाले ते साखळी मोडताना. मुलीला या दोन परीक्षानळ्या शेजारी शेजारी दाखवाव्यात.

प्रतिसाद २ :
शब्द इतका फसवा असेल तर तो टाकून ‘पिष्टमय पदार्थ’ म्हणावे, असे मला वाटते. दह्यातल्या लॅक्टिक आम्लातही कार्बनचे ३, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचे ३ अणू असतात. नावाच्या हिशेबाने तेही कर्बोदक ठरेल. उलट डीएनएमधल्या डीऑक्सिरायबोज या शर्करेत ऑक्सिजनचा एक अणू कमी असल्याने तिच्यात पाण्याचे अणू पूर्ण भरत नाहीत, तरीही ती कर्बोदकांतच मोडते.

प्रतिसाद १ :
उदाहरणे बिनतोड आहेत, पण ‘पिष्टमय’ने काम भागणार नाही. पिष्ट म्हणजे तांदूळ, बटाटा, साबुदाणा यांतला स्टार्च. गिरणगावात ज्याचे सूत निघत असे तो कापूस म्हणजे बहुतांशी सेल्युलोज, आणि सेल्युलोजही ग्लुकोजच्याच कड्यांचे बनलेले असते. कापसाला पिष्टमय म्हणवेल का? शिवाय ‘कर्बोदक’ या शब्दातल्या उदकाचा एक उपयोग मला सोडवत नाही. ग्लुकोजचे दोन रेणू जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि भात चावताना लाळेतले विकर (एन्झाइम) तसाच पाण्याचा एकेक रेणू खर्चून ती साखळी तोडते, ज्याला आपण जलअपघटन म्हणतो. जुळायचे तर उदक सोडावे लागते, हे मुलांना एकदा सांगितले की पुन्हा सांगावे लागत नाही.

एक दुरुस्ती मात्र सुचवतो. आपण ‘पाण्याचे अणू’ लिहिले आहे. मराठीत पाण्याचा रेणू असतो आणि त्यात हायड्रोजनचे २ व ऑक्सिजनचा १ असे ३ अणू असतात. हिंदीत रेणूला ‘अणु’ आणि अणूला ‘परमाणु’ म्हणतात, म्हणून तुर्भ्याची तीच संस्था मराठीत भाभा अणुसंशोधन केंद्र आणि हिंदीत भाभा परमाणु अनुसंधान केंद्र ठरते. मुंबईतली मुले हिंदी चित्रफिती पाहून अभ्यास करतात आणि उत्तरपत्रिकेत हाच घोटाळा करतात.

प्रतिसाद २ :
दुरुस्ती मान्य आहे. मला पाण्यातल्या प्रमाणात असलेले हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे अणू म्हणायचे होते, पण लिहिताना मधले शब्द गळले. पिष्टमय पदार्थांचा आग्रह सोडतो. ‘शर्करावर्ग’ हा शब्द मात्र अजून मनात आहे.