आरव्हीमध्ये, म्हणजे घरासारखी सोय असलेल्या गाडीत, बारा महिने राहायचे ठरवले आहे. कोणत्या अडचणी गृहीत धराव्यात?

नवखा प्रवासी: आम्ही नवरा-बायको भाड्याचे घर सोडून सहा मीटर लांबीच्या जुन्या मोटरहोममध्ये कायमचे राहायला जाण्याच्या विचारात आहोत. दोघांचेही काम लॅपटॉपवरचे असल्यामुळे एका गावी राहण्याचे बंधन उरलेले नाही. भाड्याची गाडी घेऊन दोनदा आठ-आठ दिवस राहून पाहिले आणि ते दिवस मजेत गेले. परंतु आठ दिवसांची हौस वेगळी आणि रोजचा संसार वेगळा, याची जाणीव आहे. गाडीत स्वच्छ पाण्याची १०० लिटरची टाकी, छतावर २०० वॅटचे सौर पॅनेल आणि १२ व्होल्टची १०० अँपिअर-तास लेड-ॲसिड बॅटरी आहे. एवढ्यावर भागेल का? गाडी विकणारे ज्या गोष्टी सांगत नाहीत, त्या ऐकायला आवडेल.

चौथे वर्ष गाडीत: स्वच्छ पाणी किती दिवस पुरते, हा प्रश्न सगळे विचारतात, खरा प्रश्न वापरलेले पाणी आणि मैला कुठे आणि किती दिवसांनी रिकामा करता येतो, हा आहे. काटकसर केली तर १०० लिटर पाण्यात दोन माणसांचे चार दिवस निघतात, पण त्याच पाण्याने सांडपाण्याची टाकीही भरत असते, आणि ती उघड्यावर सोडून देणे गैर तर आहेच, शिवाय बहुतेक ठिकाणी बेकायदाही आहे. त्यामुळे आपला मुक्काम कुठे आणि किती दिवस, हे पुष्कळदा टाक्याच ठरवतात. शौचालय बाहेर काढता येणाऱ्या डब्याचे असेल तर तो डबा साधारण २० लिटरचा असतो आणि दोघांत दोन-तीन दिवसांत भरतो. गाडीखाली पक्की टाकी असेल, तर नळी जोडलेली असतानाही तिची झडप उघडी ठेवू नये. पाणी वाहून जाते आणि घट्ट मैला तळाशी साचून त्याचा ढीग होतो. मग तो फोडण्यात अख्खी दुपार जाते, हे मी अनुभवाने सांगतो. टाकी बरीच भरू द्यावी, मगच झडप एकदम उघडावी, म्हणजे पाण्याच्या लोटाबरोबर सगळे निघून जाते. भांड्यांसाठी आम्ही फवाऱ्याची बाटली वापरतो: ताट आधी कागदाने पुसायचे, मग फवारा मारून घासायचे. दोघांची रात्रीची भांडी दीड लिटरमध्ये होतात. पहिल्या महिन्यात हे हास्यास्पद वाटले होते.

बारा व्होल्ट: विजेचा हिशेब कागदावर मांडला की उत्तर आपोआप मिळते. आपल्या बॅटरीत १२०० वॅट-तास साठतात, पण लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर ती लवकर खराब होते. म्हणजे हाती उरतात ६००. प्रत्येकी ५० वॅटचे दोन लॅपटॉप आठ तास चालले की ८०० वॅट-तास जातात आणि फ्रिज अजून बाकीच आहे. २०० वॅटचे पॅनेल छतावर सपाट बसवलेले असल्यामुळे भर उन्हाळ्यातही दिवसाला हजाराच्या आतच देते. हिवाळ्यात सूर्य खाली असताना त्याचा लहानसा हिस्साच मिळतो. त्यात छतावरच्या झरोक्याच्या झाकणाची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली, तरी उत्पन्न लक्षणीय घटते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्यावी, मात्र ती शून्य अंशाखाली चार्ज करू नये आणि गाडीच्या अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला) थेट जोडू नये, कारण ती इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापून निकामी होऊ शकतो. मध्ये प्रवाह मर्यादेत ठेवणारा डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. विजेच्या किटलीचा विचार सोडून द्यावा. १५०० वॅटसाठी १२ व्होल्टवर १२५ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो.

ओल आणि बुरशी: वरची दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण पाणी आणि वीज पैसे खर्च करून वाढवता येतात, ओलीचे तसे नाही. दोन माणसे बंद गाडीत रात्रभर झोपली की श्वास आणि घाम यांतून अर्ध्या लिटरहून अधिक पाणी हवेत मिसळते. गॅसवर स्वयंपाक केला की त्यात भर पडते, कारण एक किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. ही वाफ सर्वांत थंड पृष्ठभाग शोधते: खिडकीची चौकट, कपाटाची मागची बाजू, गादीचा तळ. पहिल्या हिवाळ्यात जानेवारीत मी सहज गादी उचलली, तर खालच्या प्लायवर माझ्या पाठीच्या आकाराचा काळा डाग उमटलेला होता. आता गादीखाली पट्ट्यांची जाळी आहे आणि कितीही थंडी असली तरी छताचा झरोका बोटभर उघडा असतो. ऊब हवी म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवणे जिवावर बेतू शकते. हीटर असा हवा, ज्याचा धूर नळीने बाहेर जातो. कार्बन मोनॉक्साइडचा (जळणातून निघणाऱ्या, वास नसलेल्या विषारी वायूचा) अलार्म लावावाच. गॅसगळतीचा अलार्म मात्र जमिनीलगत हवा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो.

वजनकाटा: पत्त्याचे आधी मार्गी लावा. बँक, वाहन परवाना आणि कर यांसाठी कायमचा पत्ता लागतो, आणि विमा कंपनीला गाडीत बारा महिने राहणार असल्याचे लेखी कळवले नाही तर दावा नाकारला जाऊ शकतो. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी वय पाहावे. बाजूवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. आणि सामान चढवण्यापूर्वी गाडीचे वजन करून घ्यावे.

नवखा प्रवासी: सर्वांचे आभार. आज रिकाम्या गाडीचे वजन करून आलो. परवानगी असलेल्या कमाल वजनापर्यंत २८० किलो शिल्लक आहेत. आम्हा दोघांचे १३० आणि पाण्याचे १०० वजा केले तर कपडे, भांडी, पुस्तके आणि दोन सायकली मिळून ५० किलोत बसवायचे आहे. सायकली बहुधा जातील.

वजनकाटा: त्या पन्नासात गॅसचे सिलिंडर धरले आहेत का?

नवखा प्रवासी: नाही. पुस्तकेही जातील.