ट्यूबरोसम, गिब्बा: गाठ, गड्डा की कुबड?

प्रश्न: शास्त्रीय नावांत बटाटा ‘सोलॅनम ट्यूबरोसम’, निशिगंध ‘पॉलिअँथिस ट्यूबरोसा’. हा एकच शब्द का? आणि ‘गिब्बस’, ‘गिब्बा’ नावाचे जीवही दिसतात. सगळ्यांना सरसकट ‘गाठाळ’ म्हटले तर चालेल?

उत्तर: शब्द एकच, लिंग वेगळे. आपण काळा घोडा, काळी गाय, काळे वासरू म्हणतो, तसेच ट्यूबरोसस, ट्यूबरोसा, ट्यूबरोसम. सोलॅनम नपुंसकलिंगी, सूर्यफुलाचा कंदवाला भाऊबंद हेलिअँथस ट्यूबरोसस पुल्लिंगी. ही तिन्ही नावे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने 1753 मध्ये दिली. निशिगंध आता ‘अगेव्ह अमिका’ झाला, त्यामुळे त्याचा हा शब्द गेला. पण इंग्रजी ‘ट्यूबरोज’मध्ये तो टिकून आहे. त्या नावाचा गुलाबाशी काही संबंध नाही.

‘गाठाळ’ मात्र मला पटत नाही. लॅटिन ‘ट्यूबर’मध्ये गाठ, सूज, टेंगूळ, कुबड सगळेच मावते, मराठीत प्रत्येकाला वेगळा शब्द आहे आणि तो वापरावा. बटाट्याचा डोळा जवळून पाहा. त्याच्या कडेला भुवईसारखी बारीक रेघ दिसते. ती पानाची खूण, कारण बटाटा हे मूळ नसून फुगलेले खोड आहे. त्याला ‘गड्डा’ हाच शब्द शोभतो. गाठ म्हटले की दोरीची नाही तर दुखण्याची आठवते.

प्रश्न: मग ट्यूबरक्युलोसिस?

उत्तर: तिथे ‘गाठ’ अगदी बरोबर. ‘ट्यूबरक्युलम’ म्हणजे लहानशी गाठ. क्षयात फुफ्फुसात तशा बारीक गाठी होतात.

‘गिब्बस’ म्हणजे कुबड असलेला. लुटियानस गिब्बस या माशाची पाठ डोक्यामागून एकदम चढते, म्हणून तो ‘कुबडा’. लेम्ना गिब्बा ही पाण्यावर तरंगणारी इवलीशी वनस्पती. ती जेमतेम काही मिलिमीटरची, वरून जवळजवळ सपाट. उलटून पाहिली तर खालची बाजू हवेच्या पोकळ्यांनी फुगलेली. तिला कुबडी म्हणणे अन्यायाचे होईल, ‘फुगीर’ म्हणावे. अर्ध्याहून मोठ्या पण अपुऱ्या चंद्रालाही इंग्रजीत ‘गिब्बस’च म्हणतात, तेही याच फुगीरपणावरून.

प्रश्न: आणि ‘व्हेरुकोसा’?

उत्तर: ‘व्हेरुका’ म्हणजे चामखीळ. सिनॅन्सिया व्हेरुकोसा हा विषारी काट्यांचा मासा तळाशी दगडासारखा पडून असतो, अंगभर उंचवटे घेऊन. त्याला मी ‘चामखिळ्या’ म्हणेन.