लावणीत डॉक्सी, घशाला अमॉक्सी: एकीच्या जागी दुसरी का चालत नाही?

आवण_सिंधुदुर्ग:
लावणीच्या दिवसांत चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टो (उंदरांच्या लघवीतून चिखल-पाण्यात येणाऱ्या जंतूचा ताप) होऊ नये म्हणून आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन देतात. ताप आला की कधी हीच, कधी अझिथ्रो, घशाला अमॉक्सी-क्लॅव, लघवीच्या जळजळीला आणखी वेगळी. सगळी अँटिबायोटिकंच ना, मग फरक कशात? डॉक्सीनंतर वाडीतल्या दोघींच्या छातीत आग पडली, एकीच्या हातांवर उघडीप पडल्यावर लाल चट्टे उठले. औषधाचंच का हे?

माडबन:
जंतूचं नेमकं काय मोडायचं, त्यावरून गट पडतात.

अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्झोन ही पेनिसिलिनच्या गोतातली. जंतू वाढताना स्वतःभोवतीची भिंत सारखी विणत असतो. ही औषधं ती वीण बांधणारी एन्झाइम अडवतात. भिंत कच्ची राहते, पाणी आत शिरतं आणि जंतू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून ही औषधं आपल्याला बरीच सोसतात. काही जंतू उलट औषधच तोडणारं एन्झाइम सोडतात, त्याला गुंतवून ठेवायला सोबत क्लॅव्हुलॅनिक ॲसिड घातलेलं असतं. जुलाब होतात ते बहुतेकदा त्यानेच. गोळी जेवणाच्या पहिल्या घासाला घेतली तर त्रास कमी होतो.

डॉक्सी आणि अझिथ्रो भिंतीच्या वाटेला जात नाहीत. जंतूच्या आत प्रथिनं बनतात त्या रायबोसोमला त्या चिकटतात, डॉक्सी लहान भागाला, अझिथ्रो मोठ्या. शिवाय दोन्ही आपल्या पेशींच्या आतवर पोचतात. स्क्रब टायफसचा (बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाचा) जंतू पेशीतच राहतो, तिथे सेफ्ट्रिॲक्झोनची कितीही इंजेक्शनं टोचली तरी ताप हटत नाही. लेप्टोवर दोन्ही गट चालतात: सौम्य असेल तर मोठ्या माणसाला डॉक्सी १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस, कावीळ दिसू लागली, लघवी कमी झाली, तर दवाखान्यात शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्झोन. पावसाळी तापात काख, जांघ, कमरेची घडी नीट बघा. काळी, न दुखणारी खपली दिसली तर स्क्रब टायफसचा संशय धरायचा आणि डॉक्टरांना ती आवर्जून दाखवायची.

काउंटर_दापोली:
छातीतल्या आगीचं कारण बहुधा गोळी घेण्याच्या रीतीत आहे. रात्री घोटभर पाण्याबरोबर कॅप्सूल गिळून लगेच आडवं झालं, की ती अन्ननलिकेतच अडकते आणि तिथेच विरघळते. डॉक्सी आम्लधर्मी, त्यामुळे आतून जखम होते. भात किंवा पेज खाऊन, बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि निदान अर्धा तास पाठ टेकू नका. आग पडली म्हणून लगेच वर ॲसिडिटीचं पातळ औषध घेतात, ते तर आणखी चुकीचं: त्यातलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम डॉक्सीला धरून ठेवतं आणि डोस वाया जातो. लोहाच्या गोळीचंही तेच. डॉक्सी आधी, लोह २-३ तासांनी. गिळतानाही दुखत असेल तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

हातांवरचे चट्टेही डॉक्सीचे असू शकतात. या औषधाने कातडी उन्हाला हळवी होते. इरल्याखाली डोकं-पाठ झाकली जाते, कोपरापासून खालचे हात उघडेच राहतात. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. गरोदर बाईला ही प्रतिबंधाची गोळी देऊ नका. आणि हातापायाला चीर असेल तर ती झाकूनच चिखलात उतरायचं, गोळी घेतली असली तरी.

आवण_सिंधुदुर्ग:
आणि लघवीची? साठीपुढच्या, साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या बाईला सिप्रो चालते का?

माडबन:
जपूनच. सिप्रोफ्लॉक्सासिन जंतूच्या डीएनएचा पीळ सोडवणारं एन्झाइम बंद पाडते, त्यामुळे जंतूला आपली नक्कल काढता येत नाही. पण साठीनंतर, त्यातही स्टेरॉइड चालू असेल तर, टाचेमागची दोरीसारखी शीर (टेंडन) सुजण्या-तुटण्याचा धोका वाढतो. तिथे दुखायला लागलं की गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळीबरोबर साखर एकदम खालीही येते. दुधा-दह्याबरोबर सिप्रो घेतली तर ती पुरेशी अंगात उतरत नाही. मूत्राशयापुरतंच दुखणं असेल आणि मूत्रपिंडं बरी असतील तर नायट्रोफ्युरँटॉइन बरं. लघवी तपकिरी होते, त्याला घाबरू नका. जेंटामायसिनने मात्र कान आणि मूत्रपिंड दोन्ही दुखावतात. लेप्टोत मूत्रपिंडावर आधीच घाला आलेला असतो, तिथे ते टाळतात.

काउंटर_दापोली:
एक राहिलं. लेप्टोत पहिल्या डोसनंतर काही तासांत हुडहुडी भरून ताप चढू शकतो. मरणाऱ्या जंतूंमुळे होतं ते, ॲलर्जी नव्हे. पण डॉक्टरांना कळवायचंच. अंगावर गांधी, ओठ सुजणं, श्वासाला घरघर, हे मात्र ॲलर्जीचं. बहुतेकदा पहिल्या तासाभरातच दिसतं, तेव्हा थेट दवाखाना गाठा. नंतर केसपेपरवर औषधाचं नाव, तारीख आणि काय झालं ते लिहून घ्या. नुसतं 'पेनिसिलिन चालत नाही' एवढंच लिहिलं, तर गांधी उठल्या होत्या की साधे जुलाब झाले होते हे पुढच्या डॉक्टरला कळत नाही.