वाळवंटातली भाजी: तुमचे अनुभव सांगा

आपल्यापैकी बरेच जण आता फिनिक्स, टूसॉन (दोन्ही अमेरिकेतल्या ॲरिझोनात), मस्कत, शारजा, जोधपूर अशा ठिकाणी राहतो. इथे भाजी कशी लावायची हे गावाकडच्या अनुभवावरून कळत नाही, हे मी चार उन्हाळे वाया घालवून शिकले. तुम्ही काय शिकलात तेही लिहा. माझ्यापासून सुरुवात करते.

मी रत्नागिरीकडची, मृगाची पेरणी डोक्यात पक्की बसलेली. फिनिक्सला आले त्या वर्षी जूनमध्ये टोमॅटो आणि मिरचीची रोपं लावली. जी जगली ती हिरवीगार दिसायची, पण सगळी फुलं गळायची. खत कमी पडतंय असं समजून मी खत घालत राहिले. खरं कारण उष्णता होती. दिवसा ३५ अंशांच्या वर पारा आणि रात्रीही २४ च्या खाली उतरत नाही, अशा वेळी टोमॅटोचे परागकण निकामी होतात, फळ धरतच नाही. २०२३ मध्ये ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस इथे ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमान होतं. तिथे खत काय करणार?

आता माझं भाजीचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं. मेथी, कोथिंबीर, मुळा, पालक, गाजर ऑक्टोबरात. टोमॅटोची रोपं फेब्रुवारीच्या मध्याला, आणि थंडीची रात्र आली तर वर जुनी चादर. लवकर येणारी, लहान फळांची जात निवडते. जूनच्या सुरुवातीला शेवटची तोडणी करून झाडं उपटते. उन्हाळ्यात फक्त भेंडी, गवार, चवळी, तीही पश्चिमेकडून शेडनेट लावून.

दुसरी चूक गादीवाफ्यांची. कोकणात पाणी साचू नये म्हणून वाफा उंच करतो. इथे तोच उंच वाफा चहूबाजूंनी वाळतो. आता वीतभर खोल वाफे करते आणि वर गवताचं आच्छादन घालते. शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात तिथले मूळ रहिवासी झुनी लोक मातीचे छोटे बांध घालून चौकोनी खळगे करत आणि त्यात भाजी लावत. वाफा खणण्याआधी एक खड्डा पाण्याने भरून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी तसंच असेल तर खाली चुनखडीचा सिमेंटसारखा थर असू शकतो. तो पहारीने फोडल्याशिवाय मुळं खाली जात नाहीत.

शारजाहून:
ताई, आमची बाग म्हणजे चौथ्या मजल्याची बाल्कनी. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं तापतं की नळाखाली हात धरवत नाही. तेच पाणी मी दुपारी कढीलिंबाला घातलं आणि झाड गेलं. आता रात्री बादली भरून ठेवतो आणि पहाटे पाणी देतो. काळ्या कुंड्यांत मुळं शिजतात. मोठ्या पांढऱ्या कुंडीत लहान कुंडी ठेवून मधे वाळू भरली, मिरची टिकली.

निझवा, ओमानहून:
मी धुळ्याचा. इथल्या फलज कालव्यांचं पाणी वेळेच्या हिश्श्याने वाटलं जातं, ते पाहून आमच्या पांझरा नदीवरची फड पद्धत (बंधाऱ्याचं पाणी गावाने पाळीपाळीने वाटून घ्यायची) आठवली. यांतले पाच फलज २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आमच्या गावचा फलज दारिस त्यांतलाच. माझ्या वाट्याला मात्र बोअरचं मचूळ पाणी आलं. रोज थोडं थोडं पाणी दिलं की क्षार वरच राहतात, मातीवर पांढरी पापडी धरते. आता पाळी लांबवतो, पण दिलं की भरपूर देतो, म्हणजे क्षार मुळांच्या खाली जातात. वरंब्याच्या माथ्यावर रोप लावू नका. क्षार तिथेच गोळा होतात, उतारावर लावा. आणि खजुराच्या सावलीतली वांगी उघड्यावरच्या वांग्यांपेक्षा कितीतरी बरी, हे मला शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने दाखवलं.

जोधपूरहून:
ताई, आमच्याकडे पावसाळी पेरणी चालते हं! जुलैत पाऊस झाला की शेजारच्या आजी मटकी, गवार आणि काचरी (काकडीच्या जातीचं लहान फळ) एकाच शेतात पेरतात. मटकी ही मूळची आपल्या कोरड्या मुलखातली, दाट पसरते आणि जमीन झाकते. बाकी भाज्यांना मी मातीची गाडगी पुरते. न रंगवलेलं, बिनचकाकीचं गाडगं तोंडापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं, डास होऊ नयेत म्हणून झाकण. भोवती दुधी किंवा टिंडा (ढेमसं). पाणी झिरपून थेट मुळांना मिळतं, तीन-चार दिवसांनी पुन्हा भरते.

टूसॉनहून:
मटकीचं वाचून राहवलं नाही. इथले मूळ रहिवासी तोहोनो ओओधम लोक टेपारी नावाचं बारीक कडधान्य पिढ्यान्‌पिढ्या पिकवत आलेत, उन्हाळी पावसावर. मी लाडाने रोज पाणी दिलं तर नुसता पाला माजला, शेंगा मोजक्याच. पुढच्या वर्षी हात आखडला आणि दोन वाट्या दाणे मिळाले. उसळ केली. रात्रभर भिजवूनही मटकीपेक्षा बराच जास्त वेळ शिजवावी लागते, पण गोडा मसाला छान लागतो.

फिनिक्सहून:
टेपारी या जुलैत नक्की लावते. जोधपूरच्या ताई, एका गाडग्याभोवती किती वेल लावता, आणि गाडगं किती लिटरचं?

जोधपूरहून:
पाच-सहा लिटरचं. भोवती तीनच वेल. मी चार लावले होते, चौथा वाढलाच नाही.