आप्पांच्या नावाने १९० मैल: पैसे मागायचे कसे आणि बसायचं कसं?

मेणवलीकर:
मी अमेरिकेत वूस्टरजवळ राहते, वय ४६. येत्या ऑगस्टमध्ये पॅन-मास चॅलेंजला, म्हणजे कर्करोगासाठी देणग्या जमवणाऱ्या सायकल फेरीला, नाव दिलंय. स्टरब्रिज ते प्रॉव्हिन्सटाउन, दोन दिवसांत साधारण १९० मैल. आजवरची माझी सगळ्यात लांब फेरी ३८ मैलांची, आणि त्यानंतर दोन दिवस मी उशीवर बसून मीटिंगा केल्या. यावरून काय ते समजा.

कारण आप्पा, माझे वडील. वाईत वायरमन होते. खांद्याला वायरचं भेंडोळं, हँडलला पकडी-पान्यांची पिशवी, पँटच्या उजव्या पायाला क्लिप. त्यांची ॲटलस गावात कुठेही उभी दिसली की लोक म्हणायचे, आता लाइट येणार. २०११ च्या पावसाळ्यात नाकातून रक्त यायला लागलं. आईने उष्णता समजून दूर्वांचा रस घातला. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. धूसर दिसायला लागलं तेव्हा पुण्याला नेलं आणि तिथे नाव कळलं: वाल्डेनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमिया. वर्षाला दहा लाखांत तिघांच्या आसपास होणारा रक्ताचा कर्करोग. आयजीएम नावाचं मोठं प्रथिन साठत जातं आणि रक्तच दाट होतं. प्लाझ्मा काढायचे तेव्हा पिवळी पिशवी हळूहळू भरायची. आप्पा नर्सला म्हणाले, "महाबळेश्वरचा मध दिसतोय. लेबल लावा आणि विका."

नोव्हेंबर २०१४ मध्ये गेले.

या आजाराच्या बहुतेक रुग्णांत एमवायडी८८ जनुकातला एकच बदल असतो, हे बॉस्टनच्या डेना-फार्बर या कर्करोग संस्थेतल्या मंडळींनी २०१२ मध्ये दाखवलं. त्यावर चालणाऱ्या इब्रुटिनिबला अमेरिकेत जानेवारी २०१५ मध्ये मान्यता मिळाली. तोवर खास या आजारासाठी म्हणून मंजूर झालेलं एकही औषध नव्हतं. आम्हाला ते परवडलं असतं का, हा वेगळा प्रश्न. पण डेना-फार्बरची इमारत माझ्या घरापासून तासाभरावर आहे आणि तिच्यावरून जाताना मला दर वेळी नोव्हेंबर आणि जानेवारी आठवतात.

आता अडचण. ठरलेली किमान रक्कम जमली नाही तर राहिलेले पैसे माझ्याच कार्डावरून कापले जातात. ते एक वेळ चालेल. पण आप्पांनी उभ्या आयुष्यात वाण्याकडे खातं ठेवलं नाही, आणि मी त्यांच्या फोटोखाली 'देणगी द्या' लिहायचं? नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं तर सतरा जोडलेले हात आले आणि एका मावसभावाचा प्रश्न: "सायकल तू चालवणार, मग पैसे आम्ही का द्यायचे?"

मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का? आणि सीटचं काय करू?

चार्ल्सकाठ:
मी तीनदा गेलोय. मावसभावाला सांगा, मंडप दिसल्याशिवाय कोणी गणपतीची वर्गणी देत नाही. सायकल म्हणजे मंडप.

ही फेरी सुरू करणाऱ्या बिली स्टारची आई मेलानोमाने (त्वचेच्या कर्करोगाने) गेली. १९८० मध्ये त्याने ३६ जणांना घेऊन पहिली फेरी काढली, जमले १०,२०० डॉलर. आज एकूण आकडा एक अब्ज डॉलरच्या पुढे आहे. आपण जमवलेला प्रत्येक डॉलर डेना-फार्बरला जातो, आयोजनाचा खर्च प्रायोजकांकडून आणि आपल्या प्रवेश फीतून निघतो. हे आवर्जून सांगा, आपल्या माणसांचा पहिला संशय तिथेच असतो.

ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवरचं मागणं सगळ्यांचं, म्हणजे कोणाचंच नाही. एकेकाला वेगळं लिहा आणि त्यात वैद्यकीय माहिती दोन ओळी, मधाची गोष्ट मात्र पूर्ण. इथे नोकरीला असलेल्यांना कंपनीचं मॅचिंग (आपण दिले तेवढेच पैसे कंपनीनेही घालणं) आहे का ते विचारायचं विसरू नका. माझ्या पहिल्या वर्षी मी विसरलो आणि पुढे वर्षभर हळहळलो. डेना-फार्बरमध्ये वाल्डेनस्ट्रॉमसाठी वेगळं बिंग सेंटर आहे. तुमचे पैसे तिकडेच जावेत असं वाटत असेल तर काय करावं लागेल, ते आयोजकांना आत्ताच लिहून विचारा, जुलैत नको.

घाटवेडा:
मी पुण्याचा, तुमचा रस्ता पाहिलेला नाही, पण बूड सगळीकडे सारखंच.

दुकानदार मऊ जेलची सीट गळ्यात मारेल. घेऊ नका. मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि मग भलतीकडेच दाब येतो. पन्हाळीचा पुठ्ठा घ्या, जिन्याच्या पायरीवर ठेवा, त्यावर पुढे वाकून मिनिटभर बसा. दोन खळगे पडतील. त्यांच्या मधोमधचं अंतर मोजा, सीट त्याहून थोडी रुंद हवी. पॅडची शॉर्ट घाला, तिच्या आत काहीही घालायचं नाही (पहिल्यांदा सगळ्यांनाच संकोच वाटतो), आणि घासणाऱ्या जागी क्रीम.

एका दिवशी शंभर मैल मारून दाखवण्यापेक्षा शनिवार-रविवार लागोपाठ चालवा. खरी परीक्षा रविवारी सकाळी सीटवर परत बसताना होते. भूक लागायच्या आधी खायचं. मी खिशात राजगिऱ्याच्या वड्या ठेवतो.

परळकर:
राग मानू नका, पण विचारतोच. तिकडे अब्जावर डॉलर जमलेत. इकडे उपचारांसाठी गावाहून आलेली माणसं परळला फुटपाथवर पथारी टाकतात. वाईच्या माणसाच्या नावाने पैसे बॉस्टनला कशाला? टाटा मेमोरियलच्या मागेही घरातलाच मृत्यू आहे. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या, १९४१ मध्ये हे रुग्णालय उभं राहिलं. इथे दिलेल्या देणगीवर ८०जीची पावती मिळते. तुमच्या इथल्या काका-मावश्यांनी बॉस्टनला पैसे पाठवले तर इथल्या करात एक रुपया सुटणार नाही.

चार्ल्सकाठ:
परळकर, मुद्दा खरा आहे, पण 'किंवा' कशाला? एमवायडी८८ बॉस्टनला सापडलं, आज ती तपासणी भारतातही होते.

मेणवलीकर:
सगळ्यांचे आभार. परळकर, राग नाही आला. थोडा आला होता, मग आईला फोन केला.

तिला हे सगळं ग्रुपवरूनच कळलं होतं. थोरल्या काकांनी ५०१ रुपये आणून दिलेत म्हणाली, शेजारच्या काकूंनी १०१, आणि एक आजोबा येऊन गेले ज्यांच्या घरी आप्पांनी १९९० च्या सुमारास मीटर बसवला होता. सगळं चिवड्याच्या डब्यात ठेवलंय, वहीत नावं लिहिलीत. डॉलर कसे करायचे, हे तिने तीनदा विचारलं. तेव्हा असं ठरलं: डब्यातले रुपये परळला, पावती आईच्या नावाने. इथले डॉलर इथे.

मावसभाव सॅन होजेला असतो. त्याला मंडपाचं सांगितलं. "मग आरती कोण म्हणणार?" म्हणाला, पण रात्री ५१ डॉलर आले. कंपनीचं मॅचिंग विचारल्यापासून निळ्या टिका आहेत, उत्तर नाही.

काल पुठ्ठ्यावर बसले. १३ सेंटिमीटर. नवरा फोटो काढायला आला होता, हाकलला. घाटवेडा, त्या क्रीमचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.